सहावीतल्या मुलीचे दिवसभराचे बसणे आणि तिची उतरलेली मनःस्थिती : यांचा खरोखर संबंध असतो का?

प्रश्न : कारेलीबागची आई, वडोदरा

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी साडेअकरा वर्षांची असून सहावीत आहे आणि धाकटा मुलगा सात वर्षांचा आहे. प्रश्न मुख्यतः मुलीविषयी आहे, म्हणून तिचा दिवस आधी सांगते.

शाळा सकाळच्या पाळीची असल्यामुळे ती सहाला उठते आणि व्हॅनमधून शाळेत जाते. दुपारी घरी येऊन जेवण झाले की थोडा वेळ टीव्ही बघते, मग ट्यूशन, तिथून आल्यावर गृहपाठ, आणि रात्री जेवल्यानंतर टॅबलेट. मधल्या सुट्टीत डबा खाऊन होईपर्यंत घंटा वाजते, आणि आठवड्यातला खेळाचा तास परीक्षा जवळ आली की गणिताकडे जातो. मागच्या वर्षापर्यंत ती संध्याकाळी सोसायटीच्या आवारात लंगडी, लपाछपी आणि इथली मुले ज्याला सातोडियुं म्हणतात ती लगोरी खेळायला जात असे. आता आवारात मोठे मुलगे क्रिकेट खेळतात आणि तिच्या वयाच्या मुली बाकावर बसून गप्पा मारतात. हल्ली तर ती खालीच उतरत नाही.

गेल्या काही महिन्यांत ती लहानसहान कारणांवरून चिडते, रात्री लवकर झोपत नाही, सकाळी डोके किंवा पोट दुखते म्हणते, आणि काही विचारले तर कंटाळा आला आहे एवढेच सांगते. डॉक्टरांनी तपासले, वजन आणि रक्त ठीक आहे. सासूबाईंचे मत आहे की मुलगी दिवसभर बसून असते म्हणून हे होते आहे. माझे यजमान म्हणतात की हे वयच तसे आहे आणि अभ्यासही वाढला आहे.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. बसण्याचा आणि मुलांच्या मनःस्थितीचा संबंध अभ्यासातून दिसलेला आहे का, आणि असल्यास तो कितपत भक्कम आहे? आठवड्यातून तीन दिवस बॅडमिंटनच्या शिकवणीला घातले तर ते पुरेसे होईल का? आणि ती टॅबलेटव्यतिरिक्त खूप वाचते, चित्रे काढते. तेही बसूनच होते, तर त्यावरही बंधन घालावे का? ते करायला माझे मन धजत नाही.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, अलकापुरी

ताई, आपण तिचा दिवस नीट मांडला आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. आधी एक आवश्यक गोष्ट सांगतो. चिडचिड, झोप न लागणे आणि सकाळची पोटदुखी यांचे कारण अनेकदा शाळेतच असते: कुणी त्रास देते, एखादी मैत्रीण तुटलेली असते, एखाद्या विषयाची भीती बसलेली असते. तेव्हा हालचालीकडे वळण्यापूर्वी तिच्याशी शांतपणे बोलून घ्या. उदासपणा सलग दोन आठवड्यांहून अधिक टिकला, आवडत्या गोष्टींतला रस गेला, खाणेपिणे बदलले किंवा स्वतःला इजा करण्याची भाषा तोंडी आली, तर खेळाची वाट न बघता बालमानसतज्ज्ञांना भेटावे.

आता आपला पहिला प्रश्न. संबंध दिसलेला आहे, पण तो लोक समजतात तितका सरळ नाही. मला या बाबतीत सर्वांत विचार करण्यासारखा वाटतो तो इंग्लंडमधला अभ्यास. ब्रिस्टल शहर आणि परिसरात १९९१-९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांच्या एका मोठ्या गटावर तिथे वर्षानुवर्षे लक्ष ठेवले गेले आहे. त्यांतल्या ४,२५७ मुलामुलींची हालचाल वयाच्या १२, १४ आणि १६ व्या वर्षी अंगावर बांधलेल्या यंत्राने मोजली गेली, आणि १८ व्या वर्षी त्यांच्यातली नैराश्याची लक्षणे एका प्रश्नावलीने तपासली गेली. हे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. बाराव्या वर्षी दिवसातला बैठा वेळ जितका जास्त, तितका अठराव्या वर्षीचा नैराश्याचा गुणांक वरचा, असे त्यात आढळले. दर एका जादा तासामागे ही वाढ सुमारे ११ टक्के होती. उलट, हलक्या हालचालीचा दर एक तास जास्त असेल तर गुणांक सुमारे १० टक्क्यांनी खाली होता. हलकी हालचाल म्हणजे रमतगमत चालणे, घरात वावरणे, उभे राहून काहीतरी करणे, वाद्य वाजवणे. घाम यावा लागत नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती आपल्या लेकीच्या वयाशी थेट जोडलेली आहे. १२ ते १६ या चार वर्षांत त्या मुलांचा रोजचा बैठा वेळ सुमारे ७ तास १० मिनिटांवरून सुमारे ८ तास ४० मिनिटांवर गेला, आणि हलकी हालचाल जवळजवळ साडेपाच तासांवरून सुमारे चार तासांवर आली. म्हणजे घट झाली ती मुख्यतः खेळाच्या तासात नव्हे, तर दिवसभर विखुरलेल्या साध्या वावरण्यात. पालकांचे तिकडे लक्ष जात नाही, कारण वावरण्याची फी भरावी लागत नाही आणि त्याचे वेळापत्रकही नसते.

तरीही एक सावधगिरी हवी. असे अभ्यास दोन गोष्टी बरोबर चालताना दाखवतात. एकीमुळे दुसरी घडली हे ते सिद्ध करत नाहीत. ज्या मुलाचे मन आधीच खाली गेले आहे ते बाहेर पडत नाही, आणि बाहेर न पडल्याने मन आणखी खाली जाते. दोन्ही दिशांनी हे चालत असण्याची शक्यता आहे. म्हणून आपल्या सासूबाई आणि यजमान या दोघांपैकी एकालाच बरोबर ठरवण्याची गरज नाही.

दुसरा प्रश्न बॅडमिंटनचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयाच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल करावी, आणि स्नायू व हाडे बळकट करणारी, दम लावणारी हालचाल त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस असावी. मध्यम हालचाल ओळखण्याची सोपी खूण अशी की मूल बोलू शकते, पण गाणे म्हणू शकत नाही. ‘सरासरी’ या शब्दाकडे लक्ष द्या. परीक्षेच्या दोन दिवसांत खेळ झाला नाही म्हणून सगळे बिघडत नाही. तीन दिवसांचे बॅडमिंटन हृदयासाठी, हाडांसाठी निश्चित चांगले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात अनेक देशांतल्या २०,८७१ मुलांची मोजमापे एकत्र केली होती. कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातली चरबी यांचा संबंध मध्यम ते जोमदार हालचालीशी स्पष्ट दिसला, आणि ती हालचाल हिशेबात धरल्यावर एकूण बैठ्या वेळेचा वेगळा संबंध उरला नाही. म्हणजे शरीराच्या या खुणांसाठी दमवणारा खेळ सर्वांत मोलाचा आहे, आणि मनाच्या बाबतीत दिवसभराचे हलके वावरणेही मोजावे लागते, असे मला या दोन अभ्यासांकडे एकत्र पाहताना वाटते. म्हणून शिकवणीला घाला, पण उरलेले चार दिवस आणि त्या तीन दिवसांतलेही बाकीचे तास विसरू नका.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाचन आणि चित्रकला यांवर मुळीच बंधन घालू नका. करमणुकीसाठी स्क्रीनसमोर बसणे आणि पुस्तक घेऊन बसणे यांचे परिणाम अभ्यासांत सारखे दिसत नाहीत. वजन, झोप आणि मनःस्थिती यांच्याशी जो प्रतिकूल संबंध सापडतो तो प्रामुख्याने स्क्रीनचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने बैठ्या वेळेसाठी मिनिटांची मर्यादा दिलेली नाही, पण विशेषतः करमणुकीचा स्क्रीनचा वेळ कमी ठेवा असे म्हटले आहे. कॅनडाच्या २०१६ च्या मार्गदर्शनात तो दिवसाला दोन तासांपर्यंत धरला आहे, आणि त्याच्या शेजारीच ५ ते १३ वयासाठी ९ ते ११ तासांची झोप सांगितली आहे. ती सहाला उठत असेल तर रात्री नऊपर्यंत झोपायला हवी. टॅबलेट रात्री जेवणानंतर असतो असे आपण लिहिले आहे. मी सुरुवात तिथून करीन: टॅबलेट हवा असल्यास संध्याकाळी, आणि झोपण्याच्या तासभर आधी तो बाहेरच्या खोलीत.

उत्तर : निवृत्त व्यायामशिक्षक, दांडिया बाजार

डॉक्टरांनी हलक्या हालचालीचे जे सांगितले ते वाचून फार समाधान वाटले, कारण शाळेच्या मैदानावर आयुष्य घालवताना मला जे दिसत होते त्याला हा आधार मिळाला.

आपले शहर व्यायामाच्या बाबतीत दरिद्री कधीच नव्हते. जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य राजरत्न प्रा. माणिकराव यांनी इथे जी व्यायामपरंपरा उभी केली तिचा लौकिक वडोदऱ्याबाहेर दूरवर होता. मल्लखांब, लाठी, लेझीम आणि सांघिक कवायत शिकायला मराठी आणि गुजराती मुले एकत्र येत. ज्याला आज कबड्डी म्हणतात त्या हुतुतूच्या नियमांची पुस्तिका १९२३ साली वडोदऱ्याच्या हिंदविजय जिमखान्याने काढली. त्या काळातल्या आखाड्यांत मुलीला जागा जवळपास नव्हती, हेही इथेच सांगितले पाहिजे. परंपरेचा अभिमान धरताना तिची ही बाजू झाकण्यात अर्थ नाही.

ताई, तुमच्या प्रश्नातले एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले: मुलगे क्रिकेट खेळतात आणि मुली बाकावर बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वयाच्या विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून २०१९ साली जो अहवाल मांडला, त्यानुसार २०१६ साली पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचे प्रमाण मुलग्यांत ७८ टक्के आणि मुलींत ८५ टक्के होते. दोन्ही आकडे चिंताजनक आहेत, पण मधला फरक आपोआप पडलेला नाही. आवारात चेंडू जोराने फिरू लागला की त्याच्या वाटेत उभे राहायला लहान मुले आणि मुली कचरतात, आणि काही आठवड्यांत ते आवार मुलग्यांचे होऊन जाते. यासाठी कुणी भांडण केलेले नसते, म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

यावर उपाय घरात नाही, सोसायटीच्या बैठकीत आहे. संध्याकाळचा एक ठरावीक वेळ आवारात बॅट-बॉल नको, असा नियम पुष्कळ ठिकाणी करता येतो. दोन-तीन आयांनी मिळून तो विषय मांडावा, एकटीने मांडला तर तक्रार वाटते. त्या वेळात लंगडी, खो-खो, दोरीच्या उड्या, सातोडियुं असे काहीही चालेल. लंगडीला साधन लागत नाही, जागा थोडी लागते, आणि एका पायावर धावताना अकरा वर्षांच्या मुलीचाही दम निघतो. घोट्याला आणि मांडीला बळ येते ते वेगळेच. मला तर लंगडी हा या वयासाठी अतिशय पूर्ण खेळ वाटतो, आणि शाळांनी तो चौथीनंतर सोडून द्यावा याचे दुःख वाटते.

दुसरे म्हणजे घरातले वावरणे. दळण आणणे, खालच्या दुकानातून कोथिंबीर आणणे, गच्चीवर कपडे वाळत घालणे, कुंड्यांना पाणी घालणे ही कामे आपण मुलांच्या अभ्यासासाठी त्यांच्याकडून काढून घेतली. डॉक्टर ज्या हलक्या हालचालीबद्दल लिहीत आहेत ती नेमकी याच कामांत होती. मुलगा असो वा मुलगी, दोघांना ती परत द्यावीत. नाहीतर व्यायामाच्या नावाखाली घरकाम फक्त मुलीच्या अंगावर पडते, याची काळजी मात्र घ्या.

उत्तर : मांजलपूरचे वडील, दोन मुले, नववी आणि सहावी

सर्वांचा आदर ठेवून थोडे वेगळे म्हणणे मांडतो. वरचे सगळे पटते, पण हा वेळ येणार कुठून? शाळा, ट्यूशन, गृहपाठ आणि झोप यांची बेरीज केली की हातात तास-दीड तास उरतो. नववीतल्या मुलाच्या बाबतीत तर तोही नाही. दहावी-बारावीच्या गुणांवर पुढचे सगळे ठरते आणि इथे प्रत्येक घरात तीच स्पर्धा आहे. खेळासाठी अभ्यास मागे पडला तर उद्या तीच मुले आपल्याला विचारतील. शिवाय, मोबाईलचा एवढा बाऊ करण्याइतका पुरावा आहे का? माझा मुलगा मित्रांशी त्यावरच बोलतो आणि तो आनंदी आहे.

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, अलकापुरी

भाऊ, आपली चिंता खोटी नाही, आणि स्क्रीनबद्दलचा आपला मुद्दाही योग्य आहे. इंग्लंडमधल्या १,२०,००० हून अधिक पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या माहितीवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मध्यम प्रमाणातला वापर अपायकारक दिसला नव्हता. स्वास्थ्य घटताना दिसले ते वापर बराच वाढल्यावर, आणि तोही परिणाम मोठा नव्हता. म्हणून मी कोणत्याही घरात मोबाईल हिसकावून घ्या असे सांगत नाही. मी विचारतो ते एवढेच की त्या मोबाईलने कशाची जागा घेतली: झोपेची, बाहेरच्या खेळाची, की नुसत्या रिकाम्या बसण्याची? पहिल्या दोन्हींची घेतली असेल तर काळजी करावी.

अभ्यासाबद्दल मात्र मी ठामपणे लिहितो. खेळाला दिलेला वेळ अभ्यासातून वजा होतो ही समजूत पुराव्यावर टिकत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये ७ ते ९ वयाच्या २२१ मुलांपैकी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडलेल्या निम्म्या मुलांना शाळा सुटल्यावर नऊ महिने खेळांचा कार्यक्रम दिला गेला. या मुलांची लक्ष टिकवण्याची, अनावश्यक गोष्टीकडे न वळण्याची आणि एका कामातून दुसऱ्या कामाकडे मन नेण्याची क्षमता उरलेल्या मुलांपेक्षा अधिक सुधारली. हा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तुलनेच्या गटासह केलेला असल्यामुळे त्याचे वजन नुसत्या निरीक्षणापेक्षा जास्त आहे. त्यातून नववीतल्या मुलाचे गुण वाढतील असे मी म्हणणार नाही, ते सिद्ध झालेले नाही. पण खेळल्याने अभ्यासाचे नुकसान होते या भीतीला त्यात जागा राहत नाही.

डोळ्यांचा मुद्दाही आपल्यासारख्या घरांत फार लागू होतो. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटांचा बाहेरचा जादा तास तीन वर्षे दिला गेला. त्या शाळांत नव्याने जवळची दृष्टी आलेल्या म्हणजे लांबचे अंधुक दिसू लागलेल्या मुलांचे प्रमाण ३०.४ टक्के होते आणि नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के. इथे काम करतो तो मुख्यतः उघड्यावरचा उजेड, त्यामुळे मैदानावर नुसते फिरणाऱ्या मुलालाही हा लाभ मिळतो. आपल्या सात वर्षांच्या मुलासाठी, ताई, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवा.

आणि वेळ कुठून आणायचा, तर सलग एक तास शोधू नका. घर ते ट्यूशन हे अंतर चालण्यासारखे असेल तर स्कूटरवर सोडू नका. अभ्यासाला बसल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाच मिनिटे वावरायचे ठरवा. पाठांतर येरझारा घालत करू द्या. आपल्या आधीच्या पिढ्यांनी पाढे आणि श्लोक असेच पाठ केले.

उत्तर : महाराजा सयाजीराव विद्यापीठातली विद्यार्थिनी

काकू, मी तुमच्या मुलीपेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठी आहे, त्यामुळे तिच्या बाजूने थोडे लिहावेसे वाटते. या वयात खाली उतरणे बंद होते त्याची काही कारणे मुलगी आईला सांगत नाही. पाळी सुरू झालेली असते किंवा होणार म्हणून भीती असते. धावताना कपड्यांकडे आणि शरीराकडे कुणी पाहील असे वाटते. खेळात मागे पडले तर मुलगे हसतील असे वाटते. बाकावर बसलेल्या मुली आळशी नसतात. त्यांना आपण कुणाच्या नजरेत नसलेली जागा मिळत नाही. तेव्हा बॅडमिंटनला घालण्यापूर्वी तिला व्यवस्थित बसणारे, तिने स्वतः निवडलेले खेळाचे कपडे घेऊन द्या, आणि पाळीच्या दिवसांत जायचे की नाही हे तिचे तिला ठरवू द्या. पाळीत खेळू नये असा काही नियम नाही, पण जबरदस्तीही नको.

दुसरे, कृपया तिला विचारल्याशिवाय काही ठरवू नका. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलींच्या बाबतीत खेळ हीच आणखी एक ट्यूशन झाली: वेळेवर पोहोचणे, सरांची बोलणी, स्पर्धेत निवड होणार की नाही याचा ताण. मग खेळातून मन हलके होण्याऐवजी त्यावर एक ओझे वाढते, आणि दोन वर्षांत रॅकेट कपाटात जाते.

आणि आपण वडोदऱ्यात राहतो, तर गरब्याला विसरून कसे चालेल? नवरात्रीच्या नऊ रात्री इथे ज्या मुली तासन्‌तास फेर धरतात त्यांना कुणी व्यायाम करायला सांगितलेला नसतो. डॉक्टरांची बोलता येते पण गाता येत नाही ही खूण दोन ताळी आणि हुडो या गरब्याच्या प्रकारांत बरोबर लागू पडते. गरब्याचे वर्ग नवरात्रीच्या कितीतरी आधी सुरू होतात, आणि घरात गाणे लावून चार मैत्रिणींना बोलावले तरी काम होते. ज्या मुलीला चेंडू आवडत नाही तिला नाच आवडू शकतो, लेझीम आवडू शकते, सायकल आवडू शकते. मला स्वतःला सायकलीने वाचवले असे म्हणेन. फतेहगंजपासून कमाटीबागेपर्यंत एकटीने जाता येते हे कळल्यावर मला जो मोकळेपणा वाटला तो कुठल्याही शिकवणीत मिळाला नव्हता.

कारेलीबागची आई

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मी प्रथम तिच्याशी बोलले. शाळेत कुणी त्रास देत नाही असे ती म्हणाली, पण जिवलग मैत्रिणीची तुकडी बदलली आहे आणि मधल्या सुट्टीत तिला कुणाबरोबर बसावे कळत नाही, हे त्या बोलण्यातून समजले. बॅडमिंटन नको म्हणाली. लेझीम आणि गरबा दोन्हीला तयार आहे, पण ती मैत्रीण बरोबर असेल तरच. तिच्या आईशी मी बोलले आहे. आवारातल्या वेळेचा विषय शेजारच्या दोघींना सांगितला, त्या बैठकीत बरोबर उभ्या राहणार आहेत. रात्रीच्या टॅबलेटवरून मात्र घरात वाद झाला. सध्या तो जेवणापूर्वीवर आला आहे, आणि यजमानांनीही आपला फोन त्या वेळेत बाजूला ठेवायचे मान्य केले आहे.

दोन शंका उरल्या आहेत. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा बाहेर पाठवावे का? आणि धाकट्याच्या वर्गात गृहपाठ अपुरा असला की मधल्या सुट्टीत वर्गातच बसवून ठेवतात; त्याबद्दल शाळेशी बोलणे योग्य होईल का?

उत्तर : बालरोगतज्ज्ञ, अलकापुरी

मैत्रिणीची तुकडी बदलणे ही अकरा वर्षांच्या मुलीसाठी मोठी घटना असते. ते कळले हे फार चांगले झाले. लेझमीला दोघी एकत्र जाणार असतील तर तिच्या मनाला जो आधार मिळेल तो हालचालीचा किती आणि सोबतीचा किती, हे वेगळे काढण्याचा प्रयत्न करू नका. दोन्ही तिला हवे आहेत.

उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यानंतर खेळावे, दुपारी बारा ते चार टाळावे, निघण्यापूर्वी आणि खेळताना मधूनमधून पाणी द्यावे, आणि चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी झाली तर लगेच सावलीत आणून अंग ओले करावे. भर दुपारी घरात दोरी, सूर्यनमस्कार, गाण्यावर नाच हे पंख्याखाली चालते. सुट्टीत शाळेची सकाळची पाळी नसली तरी उठण्याची वेळ फार पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर खेळण्याजोगी सकाळ झोपेत निघून जाते.

उत्तर : निवृत्त व्यायामशिक्षक, दांडिया बाजार

शाळेशी जरूर बोला, पण वर्गशिक्षिकेला आधी एकट्याने भेटा. पालकसभेत सर्वांसमोर हा विषय काढला तर शिक्षिका बचावाला उतरते. पन्नास मुलांचा वर्ग सांभाळताना सुट्टी बंद करणे ही हाताशी असलेली सोपी शिक्षा असते, त्यामागे दुष्टपणा नसतो. त्यांना इतकेच सांगा की ज्या सात वर्षांच्या मुलाला सुट्टीत हलू दिले जात नाही तोच पुढच्या तासाला सर्वांत जास्त चुळबूळ करतो, आणि राहिलेला गृहपाठ घरी पूर्ण करून घेण्याची जबाबदारी तुम्ही घ्याल.

त्याने भागले नाही तर मुख्याध्यापकांना लेखी द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य असावे असे स्पष्ट म्हटले आहे, आणि सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षकाचीही तरतूद आहे. मुलीचा खेळाचा तास गणिताकडे जातो असे तुम्ही पहिल्या प्रश्नात लिहिले होते. त्याच अर्जात तेही लिहा, आणि दोन-चार पालकांच्या सह्या घ्या. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेने २०१२ साली मुलांना रोज पंधरा मिनिटे शाळेच्या आवाराभोवती धावायला किंवा चालायला सोडायचे ठरवले, गणवेशातच, कुठलेही साधन न घेता, आणि ती पद्धत पुढे हजारो शाळांनी उचलली. मुख्याध्यापक वेळ नाही म्हणाले तर हे उदाहरण द्यावे. अर्जाचा मसुदा करायला मदत हवी असल्यास इथेच लिहा, मी नमुना टाकतो.